लाईट गेली म्हणजे मशीन बंद नव्हे

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, मी मेंटेनन्सला आहे. साच्यांची वाळू मळायच्या मिक्सरमध्ये उतरायचा आमचा मुहूर्त ठरलेला असायचा : लाईट गेली की. आतले जाड रोलर, नांगर, तळाच्या झिजलेल्या प्लेटा, सगळं आत बसूनच बदलावं लागतं. एकदा असाच पाना आणायला बाहेर पडत होतो. एक पाय अजून कडेवर होता आणि लाईट आली. सिलेक्टर स्विच ऑनवरच राहिला होता, रोलर फिरायला लागले. त्या दिवशी डबा तसाच घरी गेला.

पुढे कुलूप-टॅगची पद्धत आली : मशीनमध्ये उतरण्याआधी त्याचा स्विच बंद करून त्याला आपलं कुलूप आणि टॅग लावायचा. प्रत्येकाला स्वतःची लाल कुलपं, त्यांची एकच किल्ली. टॅगवर नाव, आणि 'चालू करू नये' हे कन्नड, मराठी, हिंदीत, कारण पाळीत चिकोडीचा माणूस असतो, खानापूरचा असतो आणि बिहारचाही असतो. शिकवायला आलेले म्हणाले, चालू यंत्राजवळच्या कामाबद्दल तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्यात कलमच होतं, 22 वं. आम्ही माना डोलावल्या. खरं सांगायचं तर तेव्हा ते सगळं कागदी वाटलं.

पहिल्यांदा मीच केलं. ऑपरेटरला सांगितलं, मशीन थांबवलं, मेन आयसोलेटर, म्हणजे मशीनची लाईट तोडणारा मुख्य स्विच, खाली ओढून कुलूप घातलं. इमर्जन्सी बटण दाबलं की झालं, असं मला आधी वाटायचं. पण ते फक्त कंट्रोलची लाईन तोडतं, मोटर चालू करणाऱ्या स्टार्टरपर्यंत करंट असतोच. मग मीटर आधी चालू सॉकेटवर तपासला, मग मोटरच्या टर्मिनलवर लावला, आणि पुन्हा सॉकेटवर. मधेच मीटर मेला तर शून्यच दाखवेल ना. शेवटी स्टार्ट बटण दाबून पाहिलं. मोटर गप्प. मी खूश.

सुपरवायझर म्हणाले, "आता वाळूचं गेट उघडून बघ." व्हॉल्व्हचा दांडा हलवला, तर गेट खाडकन आपटलं! लाईट बंद, पण गेट हलवणाऱ्या सिलिंडरमध्ये हवा भरलेलीच. त्या जागी माझा हात असणार होता. मग हवेचा बॉल व्हॉल्व्ह बंद करून त्यालाही कुलूप घातलं, उरलेली हवा सोडून दिली, गेज शून्यावर येईपर्यंत थांबलो. आत दोघं जाणार होतो, म्हणून दोन्ही ठिकाणी हास्प, म्हणजे एकाच जागी अनेक कुलपं अडकवायची कडी, लावून जोडीदाराचीही कुलपं अडकवली. त्याच्या कुलपांची किल्ली त्याच्याच खिशात.

काम संपलं. हवेची कुलपं काढली, हत्यारं मोजली, आणि पाळी सुटायच्या गडबडीत मी निघालो. मच्छे गाव ओलांडल्यावर सुपरवायझरांचा फोन आला : मिक्सर सुरू होत नाही. आयसोलेटरवर माझं कुलूप लटकत होतं, किल्ली माझ्या खिशात.

"कटरनं तोडा की."

"तू बाहेर आहेस हे मला कसं कळणार? ये आणि काढ."

गाडी वळवली. सेकंड पाळीवाले गेटवरच हसत उभे होते.