निकालाचा तक्ता वाचताना

आज पाचवीच्या निकालाचा तक्ता बघताना पुन्हा जाणवलं, सरकारी शाळेची नुसती सरासरी बघून शिक्षकांना बोल लावणं अन्यायाचं आहे. इंदूरच्या वस्त्यांमधल्या शाळांत मालवी, निमाडी, भिली, मराठी बोलणारी मुलं एकत्र बसतात. पेपर मात्र हिंदीत.

तक्ता आधी दाखल-तारखेप्रमाणे वेगळा करा. बांधकाम मजुरांची मुलं वर्षाच्या मध्येच येतात, जातात. सुरुवातीपासून असलेल्यांशी त्यांची तुलना कशी करणार? मग हजेरी, मग घरची भाषा. उभी वजाबाकी बरोबर आणि शाब्दिक उदाहरण कोरं असेल, तर अडचण बहुतेक वाचनात आहे. मुलाला एकटं बसवून अनोळखी उतारा मिनिटभर वाचायला द्या. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेत तिसरीचं लक्ष्य मिनिटाला किमान ६० शब्द आहे, तेही अर्थ समजून. पाठ झालेला धडा देऊ नका, आकडा उगाच फुगतो.

गट लहान असेल तर टक्के लिहूच नका. ५ मुलींत एक नापास झाली की लगेच २० टक्के! सरळ संख्या लिहा. आणि परीक्षेला गैरहजर मुलं नापासांत मिसळू नका. त्यांच्यासाठी घरी जावं लागतं, जादा तास घेऊन भागत नाही.