आधी टब, मग ॲम्ब्युलन्स

आईला अजूनही वाटतं की मी इथे टेक्सासमध्ये पोरांकडून जोर-बैठका काढून घेते. हा सगळा 'ट्रेनर' शब्दाचा घोळ. मी एका हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघाची ॲथलेटिक ट्रेनर आहे. दुखापत होऊ नये म्हणून आधीपासून राबायचं, झालीच तर मैदानात सगळ्यात आधी पोचायचं. याला लायसन्स लागतं, आणि ते अमेरिकेत पहिल्यांदा टेक्सासनेच सुरू केलं, 1971 साली.

सराव ऑगस्टमध्ये सुरू होतो. ऊन विदर्भातल्या मे महिन्यासारखं, त्यात पोरांच्या अंगावर हेल्मेट आणि पॅड. सकाळी आल्या आल्या मी टब भरते. टब कसला, गुरांना पाणी पाजायचा हौदच तो! शेजारी बर्फाच्या पिशव्या.

2001 मध्ये मिनेसोटा वायकिंग्ज या व्यावसायिक फुटबॉल संघाचा खेळाडू कोरी स्ट्रिंगर सरावात उष्माघात होऊन गेला, वय अवघं 27. आमचा नियम सोपा आहे: ताप 40.5 अंश सेल्सिअसच्या वर आणि पोरगं भ्रमिष्टासारखं करतंय, तर अर्ध्या तासात अंग गार झालंच पाहिजे. ॲम्ब्युलन्स बोलवायची, पण पोराला आधी गार करायचं आणि मगच हलवायचं. घामाने भिजलेल्या कपाळावरचा थर्मामीटर फसवतो, म्हणून ताप गुदद्वारातून मोजावा लागतो. पालकसभेत हे सांगितलं की मागच्या रांगेत खसखस पिकते. पिको.

गेल्या वर्षी एक धिप्पाड पोरगा धावता धावता भेलकांडला आणि कोचलाच 'तू कोण?' म्हणून विचारायला लागला. ताप 41.3. हेल्मेट-पॅड उतरवून चौघांनी उचलून टबात घातला. डोकं बुडू नये म्हणून काखेखालून टॉवेल घालून मी मागून धरून ठेवला, माझी सहकारी पाणी ढवळत होती. पाणी स्थिर राहिलं तर अंगालगतचं कोमट होतं ना.

तेवढ्यात बाप आला. "बाहेर काढा त्याला, मी गाडीतून नेतो!" ॲम्ब्युलन्सही येऊन उभी. मी मान वर न करता म्हटलं, "अजून पाच मिनिटं." तो ओरडत होता, मी आकडा बघत होते. 39.6. 39.2.

बाराव्या मिनिटाला 38.9 झाला. पोराने डोळे उघडून कचकचीत शिवी हासडली आणि म्हणाला, "केवढं गार आहे हे!"

बाप खाली गवतावर बसला.