मोटारसायकल सोडून एरॉक्स घेताना

डाव्या घोट्याच्या दुखण्यामुळे गिअर बदलणे जड जाऊ लागले, तेव्हा मोटारसायकल विकून गिअर नसलेले वाहन घेणे मला भाग पडले. मात्र पावसाळ्यानंतर बडोद्यातील रस्त्यांची जी अवस्था होते ती पाहता लहान चाकांच्या स्कूटरवर बसण्याची माझी तयारी नव्हती. म्हणून यामाहाची, २०२१ साली भारतात आलेली, मोठ्या चाकांची स्कूटर एरॉक्स १५५ पाहण्याचे ठरवले.

तिची दोन्ही चाके १४ इंची असून मागचा टायर १४० मिलिमीटर रुंद आहे, ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटली. दोन्ही पायांच्या मधून मोटारसायकलसारखा जाड कणा जातो आणि त्यातच साडेपाच लिटरची पेट्रोलची टाकी बसवलेली आहे, त्यामुळे सांगाडा भक्कम वाटतो; पण पाय ठेवण्याची सपाट जागा उरत नाही. आईने पाहताक्षणी विचारले, "अरे, पण खंडेराव मार्केटातून आणलेली भाजीची पिशवी ठेवायची कुठे?" आसनाखाली साडेचोवीस लिटरची जागा आहे, ती रोजच्या भाजीला पुरते, गॅसचा सिलिंडर मात्र विसरावा लागतो.

चाचणीच्या फेरीत इंजिनाकडे विशेष लक्ष दिले. पाण्याने थंड होणाऱ्या या १५५ सीसी इंजिनात झडपा उघडण्यासाठी दोन प्रकारचे कॅम (फिरत्या दांड्यावरचे उंचवटे) असून, इंजिनाच्या मिनिटाला सुमारे ६,००० फेऱ्यांनंतर दुसरा कॅम कामाला लागतो आणि वेग घेताना दम कमी पडत नाही. तरीही हे वाहन अर्धेच मोटारसायकल आहे, असे माझे मत झाले. मोटारसायकलचे इंजिन सांगाड्याला पक्के जोडलेले असते. येथे ते पट्ट्याच्या स्वयंचलित गिअरयंत्रणेसह मागच्या चाकाबरोबर वरखाली हलते, त्यामुळे खड्ड्यातला धक्का पाठीला स्पष्ट जाणवतो. चाक मोठे असल्याने तो सुसह्य होतो, इतकेच. कोणत्याही जाहिरातीपेक्षा ही एक गोष्ट समजून घेणे मला अधिक उपयोगी पडले.

पैशांच्या हिशेबात एक गंमत निघाली. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीयपक्ष विमा (अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा) सक्तीचा असून, १५० सीसीपर्यंतच्या गाडीला ३,८५१ रुपये आणि त्यावरच्या गटाला ७,३६५ रुपये, असा त्याचा दर मला सांगण्यात आला. म्हणजे वरच्या पाच सीसींसाठी जवळपास दुप्पट रक्कम! चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि निर्मितीचा महिना कागदांशी ताडून पाहिल्यावर वितरकाकडूनच नोंदणी झाली.

त्यानंतर सराव आला. डाव्या हाताखाली आता क्लच नसून मागचा ब्रेक आहे, म्हणून पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर हाताला नवी सवय लावली. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जखडू न देणारी यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला आहे आणि मागे ड्रम ब्रेक आहे, हे पावागड डोंगरावरच्या माची या ठिकाणावरून उतरताना लक्षात ठेवावे लागते. वेग फार कमी झाला की केंद्रोत्सारी क्लच (इंजिनाच्या फिरण्याच्या वेगाने आपोआप जोडला जाणारा) सुटतो आणि इंजिनाची रोध करण्याची मदत संपते. तेव्हा वळणाआधीच वेग आवरून, पुढचा ब्रेक हळूहळू दाबत आणि क्लच सुटणार नाही इतपत गती राखत उतरणे मला जमू लागले आहे.