रामेश्वरला धर्मशाळेत उतरलो, त्याचा अनुभव

रामेश्वरला निघालेल्या प्रत्येकाला मी आता एकच सांगते, मंदिराजवळच्या एखाद्या जुन्या धर्मशाळेत उतरा. स्वस्त पडतं म्हणून नाही. तिथली यात्रा पहाटे पाचच्या आधी सुरू होते, दुपारी एकच्या सुमारास मंदिर बंद होईपर्यंत चालते आणि त्यातला निम्मा वेळ माणूस नखशिखान्त ओला असतो. ह्या जुन्या वास्तू बांधणाऱ्यांना ते सगळं ठाऊक होतं. हॉटेल बांधणाऱ्यांना ते ठाऊक असतंच असं नाही.

आम्ही चौघं होतो. सासू-सासरे, नवरा आणि मी. राहायला अकोल्याला, त्यामुळे ओखा-रामेश्वरम एक्स्प्रेस घरच्याच स्टेशनवरून मिळते, मध्ये गाडी बदलायची दगदग नाही. प्रवास लांबचा आहे, पण दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि सासऱ्यांचं हरिपाठाचं पुस्तक बरोबर असलं की तो निभतो.

खोली धरण्याचं काम माझ्याकडे होतं, आणि ते फोनवरच होतं हे आधी सांगते. नेटवर रामेश्वरमची धर्मशाळा म्हणून शोधलं की बऱ्याच वेबसाइट समोर येतात. एका ठिकाणी तर नंबर लावताच समोरच्यानं 'क्यूआर कोड पाठवतो, पूर्ण पैसे आत्ताच भरा' म्हणून घाई लावली. पावती कुणाच्या नावाची मिळेल एवढं विचारल्यावर फोन ठेवला. मग आमच्या गल्लीतल्या, गेल्या वर्षी जाऊन आलेल्या एका काकूंकडून ट्रस्टचा लँडलाइन नंबर घेतला. तिथल्या व्यवस्थापकांनी हिंदीत चारच गोष्टी विचारल्या. माणसं किती, त्यांत म्हातारी किती, कधी पोचणार आणि कधी निघणार. आगाऊ एक रुपयाही मागितला नाही, निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन करा म्हणाले. नियमही तेव्हाच सांगून टाकले: तीन रात्रींच्या वर मुक्काम नाही, एकट्या माणसाला खोली नाही, प्रत्येकाचं मूळ आधार कार्ड हवं, कांदा-लसूण आत आणायचा नाही, रात्री दहाला दार बंद. मला हे आवडलं. काय मिळणार आणि काय नाही, हे घरी बसूनच कळलं.

गाडी पांबनच्या पुलावर, म्हणजे रामेश्वरच्या बेटाला जोडणाऱ्या समुद्रावरच्या पुलावर आली तेव्हा डब्यातली सगळी माणसं खिडक्यांशी गोळा झाली. १९१४चा जुना पूल शेजारीच उभा होता. नव्याचं उद्घाटन ६ एप्रिल २०२५ला झालं. त्याचा मधला ७२.५ मीटरचा भाग जहाज आलं की लिफ्टसारखा सरळ वर उचलला जातो. सासूबाईंनी हात जोडले ते पुलाला की समुद्राला, मी विचारलं नाही.

धर्मशाळा मंदिराच्या पूर्व दारापासून चालत पाच मिनिटांवर. रस्त्याच्या बाजूला लांबलचक ओटा, त्यावर लाकडी खांब, आत गेलं की मोकळा चौक आणि चौकाच्या मधोमध विहीर. खोल्या चारी बाजूंनी, दारं बुटकी, भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस मांडी घालून बसेल. जमीन तांबड्या कोब्याची, वर्षानुवर्षं पाय लागून गुळगुळीत झालेली. बाहेर दुपारचं ऊन भाजत होतं, पण आत पंखा एकवर ठेवला तरी पुरत होता. न्हाणीघरं मात्र खोलीत नाहीत, चौकाच्या मागच्या अंगाला आहेत. कमोड एकाच ठिकाणी. सासूबाईंचे गुडघे दुखतात हे सांगितल्यावर व्यवस्थापकांनी ठरलेली खोली बदलून त्या कमोडजवळची दिली. वयस्कर माणसं बरोबर असतील तर हे फोनवरच सांगून ठेवा.

मला सगळ्यात जास्त काय भावलं म्हणाल, तर चौकात बांधलेल्या जाड काथ्याच्या दोऱ्या. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, डोक्याच्या वर, ओळीनं. खाली फरशीला उतार आणि कडेनं पन्हळ, म्हणजे निथळलेलं पाणी खोल्यांकडे येतच नाही. रोज सकाळी शेकडो ओल्या कपड्यांतून पाणी गळणार, हे ज्यानं ओळखलं त्यानं ती पन्हळ कोरून घेतली. पहिल्या संध्याकाळी ती नुसती पन्हळ दिसली होती. दुसऱ्या दिवशी आमचेच कपडे तिच्यावर निथळत होते.

संध्याकाळी सासरे ओट्यावर बसले आणि शेजारच्या खोलीतले नांदेडचे एक शेतकरी जोडपंही येऊन बसलं. सासरे निवृत्त शिक्षक, इतिहासाचे. त्यांनी तंजावरच्या मराठ्यांचा विषय काढला. तंजावरहून रामेश्वरला येणाऱ्या वाटेवर त्या राजांनी यात्रेकरूंसाठी छत्रं, म्हणजे राहण्या-जेवणाची सोय असलेल्या धर्मशाळा, बांधली होती, ओरतनाडूचं मुक्तांबाळ छत्र हे दुसऱ्या सरफोजीराजांचं. १८०१मध्ये सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीला, पत्र लिहून ही छत्रं आपल्याकडेच राहू द्यावीत अशी विनंती केली. त्या पत्रात छत्राचा कारभार लिहिला आहे. ब्राह्मणापासून परयापर्यंत (परया म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानलेली तमिळ जात) आणि जोगी-फकिरांपासून सगळ्या वाटसरूंना शिजवलेला भात, ज्यांना तो चालत नाही त्यांना कोरडा शिधा. मध्यरात्री घंटा वाजवून, कुणी जेवायचं राहिलं असेल तर त्याला हाक मारायची. वाटेत बाळंत होणाऱ्या बाईची सोय तिथेच. नांदेडच्या काकांनी विचारलं, "म्हणजे आपलं राज्य इथवर होतं?" सासरे म्हणाले, "राज्य तंजावरचं. पण इथवर येणाऱ्या माणसाचं जेवण त्यांनी आपल्याकडे घेतलं होतं." मला वाटतं, राजाची थोरवी किल्ल्यांवरून मोजतात तशी ह्या घंटेवरूनही मोजावी. शाळेत आम्हाला हे कुणी शिकवलं नाही याचं वाईट वाटतं.

आता प्रत्यक्ष यात्रेचा क्रम. पहाटे पाचला स्फटिकलिंगाचं दर्शन असतं, त्यासाठी चारलाच उठावं लागतं. धर्मशाळेचा चौकीदार न सांगता कड्या वाजवत फिरतो. विहिरीच्या पाण्यानं अंघोळ करून, कोरड्या कपड्यांत आम्ही रांगेत लागलो. फोन मंदिरात चालत नाहीत, ते खोलीतच कुलूपबंद करून ठेवले. दिव्याच्या उजेडात ते लिंग आरपार दिसतं. डोळे भरून पाहायला काही क्षणच मिळतात, पण मिळतात.

तिथून परत खोलीवर, चहा, आणि जुने सुती कपडे घालून अग्नितीर्थावर. अग्नितीर्थ म्हणजे समुद्रच, पण तिथे लाटा जवळजवळ नाहीत, तळ्याच्या काठावर उतरावं तसं उतरायचं. समुद्रस्नान झालं की तशाच ओल्या अंगानं मंदिरातल्या २२ तीर्थांना. देवस्थानचं तिकीट आम्हाला माणशी २५ रुपये पडलं. बाहेर ह्याचे बरेच जास्त सांगणारे भेटतात, 'लवकर करून देतो' म्हणतात. सरळ खिडकीवर जा. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर माणूस उभा असतो, दोराला बांधलेली छोटी बालदी खाली सोडतो, हाताला हिसका देतो आणि भरलेली बालदी थेट डोक्यावर. महालक्ष्मी तीर्थापासून सुरुवात, शेवट कोटितीर्थावर. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही ह्या विहिरींचं पाणी गोडं आहे, आणि एकीच्या पाण्याची चव दुसरीला नाही. सासूबाई प्रत्येक ठिकाणी ओंजळभर पिऊन मला सांगत होत्या, हे जड, हे हलकं, हे आपल्या मळ्यातल्यासारखं. वाट सगळी ओली आणि निसरडी. म्हाताऱ्या माणसाचा दंड एका बाजूनं घरच्यानं धरायलाच हवा, आणि बायकांनी गडद रंगाचे, जाड सुती कपडे घालावेत.

ओल्या कपड्यांत गाभाऱ्याकडे जाऊ देत नाहीत. इथे आमचा मुक्काम कामी आला. लांबच्या हॉटेलातून आलेली माणसं पिशव्या घेऊन कपडे बदलायला आडोसा शोधत होती, लहान मुलं कुडकुडत होती. आम्ही पाच मिनिटांत खोलीवर, ओले कपडे चौकातल्या दोरीवर, आणि कोरडे होऊन परत रांगेत. आधी हनुमंतानं आणलेलं विश्वलिंग, मग सीतामाईनं वाळूचं केलेलं रामलिंग, असाच पूजेचा मान आहे. बाहेरच्या प्रदक्षिणेच्या ओवरीत १२१२ खांब आहेत. सासरे ते सगळे चालले, मध्ये कुठेही न बसता.

वाळूची पूजा आम्ही दुसऱ्या दिवशी केली. रामेश्वरच्या मंदिरातले पुजारी मूळचे महाराष्ट्रातले, शृंगेरी मठाची दीक्षा घेतलेले. आम्हाला लाभलेल्या गुरुजींनी संकल्पाचा अर्थ मराठीतून सांगितला तेव्हा सासूबाईंचे डोळे पाणावले. वाळूची तीन लिंगं करायची, सेतुमाधव, बिंदुमाधव आणि वेणीमाधव. दोन इथेच समुद्रात सोडायची, वेणीमाधवाची वाळू प्रयागला नेऊन त्रिवेणीत विसर्जन करायची आणि तिथली गंगा परत रामेश्वरला आणून वाहायची. नाथांनी तहानेल्या गाढवाला पाजली ती ह्याच वाटेवरची कावड. गुरुजींनी ती गोष्ट काढली आणि म्हणाले, "नाथमहाराजांची गंगा वाळवंटातच रामेश्वराला पोचली." नांदेडच्या काकूंनी तिथेच वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

बेटाच्या टोकाला असलेल्या धनुष्कोडीला दुपारी जाऊन आलो. २२ डिसेंबर १९६४च्या रात्री वादळात ते अख्खं गाव गेलं, शंभराहून जास्त प्रवाशांसह आगगाडी गेली. स्टेशनच्या आणि चर्चच्या भिंती उभ्या आहेत. तिथे सेल्फी काढणाऱ्यांची गर्दी बघून सासरे गाडीतून उतरलेच नाहीत, आणि मला त्यांचं पटलं. संध्याकाळच्या आत तिथून परत फिरावं लागतं.

जेवण धर्मशाळेच्याच पंगतीत. भात, सांबार, एखादी भाजी, ताक. आधी कुपन घ्यावं लागतं, सकाळी दहाच्या आत. पोळी मिळत नाही. सासऱ्यांसाठी मी घरून भाजणी नेली होती, पण खोलीत शेगडी पेटवायची परवानगी नाही, तेव्हा ती तशीच परत आली. त्याऐवजी कोरडे लाडू, खाकरे न्या. आणखी एक, कुलूप आपलं घरचं न्या. कडी-कोयंड्याची जुनी दारं आहेत. पातळ चादरी आणि दोरीला लावायचे चिमटेही लागतात, वारा फार असतो.

निघताना व्यवस्थापकांनी खोली पाहिली, अनामत परत केली, भाड्याची पावती दिली. देणगीचा शब्दही काढला नाही. सासऱ्यांनी स्वतःहून अन्नदानाची पावती फाडायला सांगितली, सरफोजीराजांच्या नावानं. व्यवस्थापकांनी नाव दोनदा विचारून नीट लिहून घेतलं. वेणीमाधवाची वाळू पितळी डब्यात घालून, फडक्यात बांधून देवघरात ठेवली आहे. प्रयागची तिकिटं अजून काढायची आहेत, पण तिथल्या दारागंज भागातल्या एका धर्मशाळेचा नंबर आमच्या गल्लीतल्या काकूंकडून आधीच घेऊन ठेवला आहे.