आमची वाटचाल: मागच्या दारानं आलेलं पाणी

जुलै-ऑगस्टात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती फूट?" आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, पुराची पातळी तिथंच मोजतात. 40 ला इशारा, 45 ला धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ असतं. पण 40 फूट झाल्यावर आपल्या गल्लीत पाणी कुठनं शिरणार, हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. पुराचं पाणी पोरांना खेळातनं दाखवायचं आमचं काम तिथनं सुरू झालं.

आधी आम्ही बालवाड्यांसाठी लाकडी खेळणी करायचो. ऑगस्ट 2019 ला कृष्णा 57 फुटांवर गेली आणि मारुती चौकाजवळच्या आमच्या वर्कशॉपमधलं सगळं प्लायवूड फुगून पदर सुटले. निवारा केंद्रात एका शेजाऱ्याच्या पोरानं विचारलं, "काका, नदी तर पुढच्या बाजूला आहे. मग पाणी मागच्या दारानं कसं आलं?" नदी फुगली की नाल्याचं पाणी तिच्यात जात नाही, उलट तिचंच पाणी नाल्यातनं सखल भागात चढतं. हे मी त्याला दोनदा सांगितलं. त्याला पटलं नाही.

म्हणून ट्रे केला. पहिला चुकलाच. पाणी वाढलं की वाजणारा बझर बसवला होता, आणि पोरं पाण्याकडं न बघता बझरच वाजवत बसली. तो काढून टाकला. आता मरीन प्लायचा ट्रे, शाडूचे उंचवटे, मधे नदी, बाजूला नाला, नदीकडेला फुटाच्या खुणा आणि काड्यापेटीएवढी घरं. पाणी पोरांनीच तांब्यानं ओतायचं. नदीकाठची घरं अजून कोरडी असतात आणि मागची, नाल्याकडची, भिजायला लागतात. तेव्हा वर्ग एकदम गप्प होतो. मग एखादं पोर उठून घर उचलतं आणि उंचवट्यावर ठेवतं. शाळा कुठं हलवायची यावर भांडणंही होतात, ती मी होऊ देतो.

दुसरा खेळ लाकडी होडीचा. एकेक गोटी ठेवत जायचं, होडी कलंडेपर्यंत. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली. त्या बाजूच्या शाळेत हा खेळ मी शिक्षकांना विचारल्याशिवाय काढत नाही. काही घरांत ती जखम अजून ओली आहे.

तिसरा झाकण लावलेला, दोरी बांधलेला पाच लिटरचा रिकामा तेलाचा कॅन. कुणी पाण्यात पडलं तर मोठ्यांना हाक मारायची आणि कॅन फेकायचा, स्वतः पाण्यात उतरायचं नाही. पटांगणात खडूनं नदी काढून आम्ही हे पुन्हा पुन्हा करून घेतो. चौथीतल्या पोरालाही पहिल्या झटक्यात नेम जमत नाही.

ट्रे शाळेला विकत घ्यावाच लागतो असं नाही, आठवडाभर नेऊन परत केला तरी चालतो. परत येतो तेव्हा शाडूत बोटांचे ठसे असतात आणि घरं बहुतेक वेळा वरच्या उंचवट्यावर दाटीवाटीनं मांडलेली असतात. ती आम्ही पुढच्या शाळेसाठी पुन्हा खाली आणून ठेवतो.