हिमालयन ४५०: लिंक न बदलता सीट खाली

माझी उंची पाच फूट तीन, पायाची आतली लांबी ७४ सेंटिमीटर, आणि माझ्या रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० मोटरसायकलची सीट खालच्या खाचेत लावूनही जमिनीपासून ८२५ मिलिमीटर उंच. म्हणजे दोन्ही पायांचे फक्त चवडे टेकतात, तेही बूट घालून. सपाटीला निभावतं. पण कासच्या फुलांच्या हंगामात यवतेश्वरच्या घाटात पुढची जीप चढाला मध्येच थांबली, की १९६ किलोची गाडी एका चवड्यावर पेलायची.

कंपनीची लो सीट लावली तर ८०५ मिळतात. मी ती घेतली नाही, कारण माझी खरी अडचण रुंदीची आहे. टाकीजवळ सीट जितकी रुंद, तितके पाय फाकतात आणि तेवढी लांबी वाया जाते. ब्रोशरच्या आकड्यात हे दिसत नाही. म्हणून एक वापरलेली सीट मिळवली (मूळची माळ्यावर जपून ठेवलीय) आणि साताऱ्यात राजवाड्याजवळच्या सीटवाल्या काकांकडे नेली.

"ताई, वरनं लई काढायला लावू नका, बूड दुखंल. कडंनं घेऊ," काका म्हणाले.

सीट गाडीवर लावून मला बसवलं, मांडी घासते तिथे दोन्ही बाजूंना खडूने रेघा मारल्या. स्क्रू ड्रायव्हरने पिना उचकटून कव्हर सोललं आणि करवतीच्या पात्याने फोम तासायला घेतला. शेवटचा हात ग्राइंडरला पॉलिश पेपर लावून. भुगा एवढा उडतो की जाताना ओढणी न्यावी. पुढच्या भागात दोन्ही कडांनी साधारण २५ मिलिमीटर गेले, वरून २०. त्यावर १० मिलिमीटरचा रिबॉन्ड फोम (फोमचे तुकडे दाबून केलेला, टणक) चिकटवला, कारण नुसता पातळ झालेला फोम तासाभरात दबतो आणि खालचं प्लास्टिक टोचायला लागतं. रेक्झिनखाली प्लास्टिकचा कागदही घातला. साताऱ्याच्या पावसात शिवणीतून पाणी शिरतंच.

वरून जेमतेम १० कमी झाले, पण पाय आता सरळ खाली जातात. डावी टाच टेकते, उजवी थोडी वर राहते. ब्रेकवर एक पाय ठेवायचा असल्यामुळे मला एवढं पुरतं.

दुसरं काम मागच्या शॉक ॲब्सॉर्बरचं. चाक उचलून ॲक्सलपासून शेपटीवरच्या खुणेपर्यंत माप घेतलं, मग हेल्मेट, जॅकेट, बूट असा पूर्ण गियर घालून बसले आणि भावाने पुन्हा टेप लावला. फरक ४५ मिलिमीटर. मागच्या चाकाचा ट्रॅव्हल (वरखाली होण्याची जागा) २०० मिलिमीटर, त्याच्या तीस टक्के म्हणजे ६० च्या आसपास बसायला हवं. माझ्या वजनाला स्प्रिंग जास्त आवळलेली होती. प्रीलोड (स्प्रिंगवर आधीच दिलेला ताण) सैल करून ५८ वर आणलं. सीट ॲक्सलच्या पुढे असल्यामुळे ते १३ मिलिमीटर सीटवर पूर्ण मिळत नाहीत, पण चढाला फरक कळतो. पॅनियर (बाजूच्या सामानाच्या पेट्या) लावले किंवा मागे कुणी बसलं, की पुन्हा आवळायचं.

लोअरिंग लिंक (मागच्या सस्पेन्शनची जोडपट्टी बदलून गाडीच खाली बसवायची) टाका असं सगळेच सांगतात. मला ते पटत नाही. मागचं टोक बसलं की रेक (पुढच्या फोर्कचा कल) वाढतो, हँडल जड वाटतं. मग फोर्क क्लॅम्पमधून वर सरकवा, साइड स्टँड कापून पुन्हा वेल्ड करा (नाहीतर गाडी इतकी उभी राहते की वाऱ्याने पलीकडे जाईल), हेडलाइट खाली करा. आणि २३० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाखालचं अंतर) घालवायचा, तोही मेढा रस्त्याच्या बिनरंगी स्पीडब्रेकरांवर? त्यापेक्षा जाड सोलचे बूट बरे.

एक तोटा मात्र आहे. सीट आणि फूटपेगमधलं अंतर कमी झाल्याने गुडघे जास्त दुमडतात, कोल्हापूरला जाईपर्यंत ते जाणवायला लागतं. आता पेग थोडे खाली घेता येतात का ते बघतेय. वळणात ते लवकर घासणार नाहीत एवढंच तपासायचंय. कुणी या गाडीला खालचे पेग लावले असतील तर माप कळवा.