टॅकल बंद केला तेव्हा कुठे रग्बी सुरू झाली

बडोद्यात रग्बी शिकवतो म्हटलं की लोक विचारतात, "ते अमेरिकेतलं, हेल्मेट घालून खेळतात ते?" ते वेगळं. मी मूळचा खो-खोवाला, बालपण दांडिया बाजारात गेलेलं. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सेव्हन्स, म्हणजे सात-सात खेळाडूंची रग्बी, पाहिलं आणि हा नाद लागला.

पहिला महिना मी पार चुकलो. दहा-दहाचे दोन संघ पाडले आणि थेट टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून खाली पाडणं. मार्चमधलं मैदान म्हणजे भाजलेली वीट. तिसऱ्या दिवशी एका मुलाचं कॉलरबोन मोडलं. त्याची आई एवढंच म्हणाली, "सर, खेळू दे त्याला, पण असं नको." तिने आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

टॅकल बंद केला. घरात गरब्याच्या जुन्या ओढण्या पडल्या होत्या, त्यांच्या हातभर पट्ट्या फाडल्या. कमरेला दोन्ही बाजूंना एकेक खोचायची. समोरच्याने ओढली की थांबून पास द्यायचा. गाठ मारायची नाही, हे सांगायला विसरलो. एकाने नाडीलाच गाठ मारली होती. पट्टीबरोबर चड्डीही निघाली आणि त्या दिवशीचा सराव तिथेच संपला.

दहा-दहाच्या खेळात कडेचा मुलगा वीस मिनिटांत दोनदाच चेंडूला शिवला होता. म्हणून चार-चारचे संघ केले, मैदान वीस पावलं बाय पंधरा. आता लपायला जागाच नाही. पण मुलं चेंडू घेऊन आडवी पळायची आणि बचाव करणारे आरामात बरोबर सरकायचे. "सरळ जा रे!" ओरडून माझा घसा बसला. मग बोलणं सोडलं आणि मैदान आठ पावलांवर आणलं, तिघांविरुद्ध दोघे. आडवं पळायला वावच नाही म्हटल्यावर पोरं आपोआप सरळ निघाली.

पास मागेच द्यायचा, हे त्यांना पटकन कळलं. कधी द्यायचा, ते नाही. तिथे खो-खो कामी आला. समोरच्याच्या अंगावर जायचं, तो आपल्याकडे वळला की सोडायचा. म्हणजे हूलच की! हा शब्द उच्चारल्यावर खो-खोतल्या मुलींनी मुलांना दोन दिवसांत मागे टाकलं.

मग टच रग्बी, म्हणजे पाडायचं नाही, नुसता हात लावायचा: सहा-सहा खेळाडू, सहा टच झाले की चेंडू दुसऱ्या संघाकडे. टच झाला की चेंडू जमिनीवर ठेवून त्यावरून पुढे जायचं, बचाव करणाऱ्यांनी सात मीटर मागे सरायचं. आमच्या मैदानात सात मीटर कुठले? आम्ही पाच पावलं धरली.

याची एक खोड मात्र उशिरा लक्षात आली. हलका टच मिळतो म्हणून पोरं ताठ उभ्याने पळायला लागली, आणि बचाव करणारेही नुसता हात लांब करून मोकळे. पुढे टॅकलला हे महागात पडणार. म्हणून नियम बदलला: टच दोन्ही हातांनी आणि कमरेखालीच. वाकल्याशिवाय जमत नाही.

जुलैत माती ओली झाल्यावर टॅकल परत आणला, तोही दोघांनी गुडघ्यांवर बसून. टॅकल करणाऱ्याचा गाल समोरच्याच्या मांडीला, डोकं त्याच्या पाठीमागच्या बाजूला, पुढे कधीच नाही. कॉलरबोनवाला डॉक्टरांची परवानगी घेऊन आला होता. म्हणाला, "पहिला तुम्हालाच करतो." डोकं बरोबर मागे होतं. मी आडवा झालो, कानात चिखल.